घोड्याच्या रक्ताचा हिशेब

शहापूरहून मुरबाडकडे निघालं की सापगावाजवळ भातसा नदी ओलांडावी लागते. पावसाळा सरला की या पट्ट्यात दोन पिकं निघतात. एक खाचरांतलं भात, दुसरं वरकस माळांवरचं गवत. भाताची मोजदाद सगळे करतात, गवताची कोणी करत नाही. पण कापून, वाळवून, भारे बांधून ते पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या बाजूच्या तबेल्यांकडे जात आलं आहे. १८७४ पासून १९०७ मध्ये विजेची ट्राम येईपर्यंत मुंबईच्या ट्रामगाड्या घोडे ओढत होते. तेव्हा या शहराला किती वैरण लागत असेल याची कल्पना करता येते. आज ती भूक म्हशींची जास्त, घोड्यांची थोडी. तरी वरातीची घोडी आहे, रपेटीचं घोडं आहे. शर्यतीच्या उंची घोड्याला कदाचित दुसरीकडचं गवत येत असेल, पण पाणी इथलंच. मुंबईच्या पाण्यात निम्म्याच्या आसपास वाटा एकट्या भातसा धरणाचा, तानसा वेगळं. महालक्ष्मीच्या तबेल्यात घोड्यापुढे जी बादली येते तिच्यात शहापूर तालुका असतो.

हे आधी सांगायचं कारण एकच. घोड्याच्या अंगातलं लोह येतं कुठून, हा प्रश्न विचारल्याशिवाय त्याला लोहाचं औषध द्यावं की नाही हे ठरत नाही. ते येतं अशाच माळांवरून. सह्याद्रीचा हा उतार बेसाल्टचा. त्या खडकात लोहाची ऑक्साइडं दहा टक्क्यांच्या पुढे असतात, आणि त्याची झीज होऊन झालेल्या मातीत हे गवत वाढतं. सुक्या गवतात किलोमागे १०० ते २५० मिलिग्रॅम लोह सापडणं ही जगभरच्या चारातपासण्यांतली नित्याची गोष्ट आहे. भाऱ्याला धूळमाती चिकटलेली असेल तर आकडा आणखी चढतो, जरी मातीतलं लोह आतड्यात फारसं शोषलं जात नसलं तरी. आता गरज बघा. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने घोड्यांच्या आहारावरचा आपला ग्रंथ २००७ मध्ये सुधारून काढला. त्यात ५०० किलो वजनाच्या, कामाला न जुंपलेल्या घोड्याला दिवसाला ४०० मिलिग्रॅम आणि कसून राबणाऱ्या घोड्याला ५०० मिलिग्रॅम लोह पुरेसं मानलं आहे. दहा किलो सुकं गवत खाणारा घोडा कमीत कमी हजार मिलिग्रॅम पोटात घालतो. चंदीतला हरभरा आणि कोंडा मी यात धरलेलाच नाही.

म्हणजे ज्या घोड्याला पोटभर वैरण मिळते त्याला लोहाची उणीव जवळजवळ कधीच नसते. तरीही घोड्याने मान टाकली, दौड मंदावली, केस रुक्ष दिसले, की पहिली हाक रक्तवाढीच्या बाटलीला जाते. लालभडक औषध, लोह, बी-१२, यकृताचा अर्क, बाटलीवर उधळलेल्या घोड्याचं चित्र. हे शर्यतीच्या मोठ्या तबेल्यात घडतं तसंच वरातीची एकच घोडी पाळणाऱ्याच्या दारातही घडतं. माझं म्हणणं आहे की ही सवय सोडली पाहिजे. पैसे वाया जातात हे एक कारण. काही वेळा घोड्याला इजा होते हे दुसरं. पण माझ्या लेखी सगळ्यांत वाईट गोष्ट वेगळीच आहे: बाटली हातात आली की मालक घोड्याकडे बघणं थांबवतो. उपाय केला, असं त्याला मनापासून वाटतं, आणि खरी उणीव तशीच राहते.

ही सवय आली माणसाकडून, आणि ती का आली हे समजणं अवघड नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयाच्या आढळल्या. त्याआधीच्या पाहणीत हाच आकडा ४८ टक्के होता. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांमध्ये तो ६८.९ टक्के. शहापूर-मुरबाडच्या ठाकूर, कातकरी, महादेव कोळी वाड्यांवर तो कोणत्या बाजूला झुकत असेल हे सांगायला वेगळ्या पाहणीची गरज नाही. इथल्या बाईच्या ताटात भात असतो, नाचणी असते; त्यातलं लोह आतड्यात अडकतं, कारण धान्यातलं फायटेट त्याला धरून ठेवतं आणि जेवणावरचा चहा उरलेलं अडवतो. दर महिन्याला रक्त जातं, बाळंतपणात जातं, अनवाणी खाचरात उभं राहिल्याने अंगात शिरलेला आकडीजंत रोज थोडं पितो. म्हणून गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून १८० दिवस रोज ६० मिलिग्रॅम लोहाची गोळी द्यायची हा सरकारी कार्यक्रम योग्य आहे, आणि आशाताई ती गोळी घेऊन पाड्यावर पोचते ते काम मोलाचं आहे. पंडुरोगाची बाई लोहाच्या गोळीने उभी राहिलेली ज्याने घरात पाहिली, त्याला थकलेल्या घोड्यासाठीही तेच सुचणार.

पण घोडा म्हणजे चार पायांवरची थकलेली बाई नव्हे. त्याचा आहारच मुळात पाल्याचा, आणि पाला लोहाने भरलेला. घोडीला मासिक रक्तस्राव नाही. तांबड्या पेशी घोड्याच्या शरीरात साधारण पाच महिने टिकतात, आणि मोडल्या की त्यांतलं लोह पुन्हा नव्या पेशींत वापरलं जातं. ५०० किलोच्या घोड्याच्या अंगात साधारण ३३ ग्रॅम लोह असतं. त्यातलं साठ टक्के हिमोग्लोबिनमध्ये फिरतं, वीसेक टक्के स्नायूंत. हे भांडवल शरीर सांभाळून वापरतं. आणि इथेच अडचण आहे: घोड्याच्या काय, माणसाच्याही देहात जादा लोह बाहेर टाकण्याची सोय नाही. यकृत एक संप्रेरक तयार करतं, हेप्सिडिन, आणि त्याच्या जोरावर आतड्याचं दार कमीजास्त उघडतं. नियंत्रण आहे ते एवढंच, आत येताना. वहीत जमेचा रकाना आहे, खर्चाचा जवळजवळ नाही. जमा वाढत गेली की ती यकृतात साठते.

घोड्याच्या रक्ताची आणखी एक खासियत आहे, आणि ती ठाऊक नसल्यामुळे कितीतरी निरोगी घोडे कागदावर आजारी ठरतात. घोड्याची प्लीहा हे तांबड्या पेशींचं कोठार असतं. एक तृतीयांशापासून निम्म्यापर्यंत पेशी तिथे राखून ठेवलेल्या असतात. घोडा शांत उभा असताना रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण ३५ ते ४० टक्के दिसेल. तोच घोडा दौडला की प्लीहा आकसते, राखीव पेशी रक्तात ओतल्या जातात आणि तेच प्रमाण ६० च्या पुढे जातं. धावणारा प्राणी म्हणून निसर्गाने त्याला दिलेली ही देणगी आहे, शर्यतीचा घोडा जिंकतो त्यात तिचा मोठा हात असतो. आता सकाळी खरारा करताना, डोळे मिटून उभ्या असलेल्या घोड्याचं रक्त काढलं तर ते पातळ दिसणार. सुईला बिचकून थरथरणाऱ्या घोड्याचं घट्ट दिसणार. शिवाय आपली गावरान तट्टं आणि इंग्रजी रक्ताचे शर्यतीचे घोडे यांच्यातही फरक आहे. तट्टाचं प्रमाण मुळातच थोडं खाली असतं. प्रयोगशाळेच्या कागदावरचा नेहमीचा पल्ला शर्यतीच्या घोड्याचा असेल, तर तट्टाला उगाच रक्तक्षय ठरवला जातो. एका नमुन्यावरून लोहाची बाटली लिहून देणं हे म्हणूनच मला पटत नाही. रक्तातलं लोह मोजून तरी कळेल म्हणावं, तर तेही ताप आला, कुठे सूज आली, की आपोआप उतरतं. जंतूंना लोह हवं असतं, म्हणून शरीरच ते रक्तातून काढून आत दडवतं. अशा वेळी वरून लोह ओतणं म्हणजे शरीर ज्याला उपाशी मारू पाहतंय त्याचीच सोय करणं.

घोड्याला खराखुरा रक्तक्षय होतो. होत नाही असं मी म्हणत नाही. पण तो झाला की विचारायचा प्रश्न "किती लोह द्यायचं" हा नसून "रक्त जातंय कुठे" हा असतो. आपल्याकडे उत्तरं बहुतेक ठरलेली. पहिलं, जंत. मोठ्या आतड्याच्या भिंतीला चिकटून रक्त पिणारे जंत घोड्याला पोखरतात, आणि ते कळायला लीद तपासावी लागते. दुसरं, पोटातले व्रण. कोंडून ठेवलेल्या, वैरण थोडी आणि दाणा जास्त खाणाऱ्या, रोज दौडवल्या जाणाऱ्या घोड्यांत ते फार. तिसरं, गोचीड. गोचिडीतून घोड्याच्या तांबड्या पेशींत शिरणारा परजीवी त्या पेशी आतूनच फोडतो. आणि चौथं, सर्रा. चावऱ्या माश्यांमधून पसरणारा हा आजार. त्याचा जंतू १८८० मध्ये ग्रिफिथ इव्हान्स या वेल्श पशुवैद्याला डेरा इस्माईल खानच्या घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात दिसला. रोग घडवणारा या जातीचा जंतू जगात पहिल्यांदा सापडला तो तिथे, आपल्याच उपखंडात. पावसाळ्यात आणि नंतरच्या उबट दिवसांत, पाणथळीजवळ बांधलेल्या घोड्याला येणारा ताप, पायांना आणि पोटाखाली सूज, खाऊनही रोडावणं, पांढऱ्याफटक हिरड्या, हे सगळं बघून मालक म्हणतो, रक्त कमी झालंय. बरोबरच म्हणतो. पण गोचिडीच्या आणि सर्राच्या आजारात पेशी फुटतात त्या शरीराच्या आत, त्यांतलं लोह बाहेर जात नाही, आतच राहतं. तिथे लोहाची बाटली म्हणजे भरलेल्या कोठारात आणखी पोती. आणि त्या बाटलीच्या भरवशावर गेलेले तीन आठवडे हेच तपासणीचे आणि औषधाचे दिवस होते.

रक्त खरोखर बाहेर जाणारा घोडाही महाराष्ट्रात आहे, आणि त्याचं शहापूर-मुरबाडशी फार जवळचं नातं आहे. भात कापणीला आलं की इथे नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांची भीती असते. सरकारी रुग्णालयात साप चावलेल्या माणसाला सुरुवातीलाच साधारण दहा कुप्या प्रतिसर्पविष द्यावं लागतं. ते येतं घोड्याच्या रक्तद्रवातून. चार सापांचं विष थोडं थोडं टोचून घोड्यात प्रतिद्रव्यं तयार करतात आणि त्याचं रक्त काढतात. परळच्या हाफकिन संस्थेने ही परंपरा मुंबईत रुजवली. पुण्याच्या पूनावाला घराण्याच्या स्टड फार्मवरचे शर्यतीतून उतरलेले घोडे हाफकिनकडे सीरमसाठी दिले जात, आणि त्यातूनच १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. आज जगभर लशी पाठवणाऱ्या त्या संस्थेच्या मुळाशी निवृत्त घोड्यांचं रक्त आहे. मला वाटतं घोड्याच्या श्रमाबद्दल बोलताना आपण महालक्ष्मीचं मैदान आठवतो आणि या घोड्यांना विसरतो. त्यांच्याएवढं थेट माणसाच्या जिवाला जीव देणारं काम दुसऱ्या घोड्याचं नाही.

तर लोहाच्या बाजूने सगळ्यांत बळकट दावा या घोड्याचा. तो तपासून बघू. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे एका वेळी वजनाच्या किलोमागे १३ ते १५ मिलिलिटर रक्त काढतात. ४०० किलोच्या घोड्याचे झाले साधारण सहा लिटर. लिटरमागे १२० ग्रॅम हिमोग्लोबिन, आणि हिमोग्लोबिनच्या ग्रॅममागे ३.४ मिलिग्रॅम लोह धरलं तर एका खेपेला अडीच ग्रॅम लोह गेलं. अंगातल्या एकूण साठ्याच्या मानाने हे थोडं नाही. आता वैरणीची बाजू. हा घोडा दिवसाला आठ किलो सुका चारा खातो. किलोला १५० मिलिग्रॅमने दिवसाला १२०० मिलिग्रॅम, महिन्याला ३६ ग्रॅम लोह त्याच्या पोटातून जातं. अडीच ग्रॅम भरून काढायला त्यातलं सात टक्के शोषलं गेलं तरी पुरे, आणि साठा उतरला की आतडं दार जास्त उघडतंच. सगळं रक्त जात असेल तरचा हा हिशेब. हल्ली बऱ्याच ठिकाणी रक्तद्रव वेगळा काढून तांबड्या पेशी घोड्याला परत चढवतात, मग नुकसान आणखी कमी. तरीही या घोड्यांचं रक्त काढण्याआधी दर वेळी हिमोग्लोबिन बघायचं, ते खाली असेल तर रक्त काढायचं नाही, असा रिवाज आहे. अशा घोड्याला एखाद्या वेळी लोह द्यावंही लागेल, आणि ते देताना डॉक्टरच्या हातात मोजलेला आकडा असेल. ज्या घोड्याचं रक्त महिन्याला सहा लिटर जातं त्याला मोजून देतात, आणि ज्याचं एक थेंब गेलेलं नाही त्याला न मोजता देतात. ही उलटी रीत मला बघवत नाही.

आता इजेबद्दल. "जास्त झालं तर बाहेर पडेल" हे वाक्य घोडेवाल्यांच्या तोंडी कायम असतं. लोहाच्या बाबतीत ते खोटं आहे हे वर आलंच. अमेरिकेत १९८० च्या दशकात नुकत्याच जन्मलेल्या शिंगरांना पचनासाठी म्हणून चाटवलेल्या एका पेस्टमध्ये लोहाचं संयुग होतं. त्या शिंगरांची यकृतं निकामी झाली आणि ती मेली. नवजात आतडं दार लावायला शिकलेलंच नसतं. मोठ्या घोड्यांच्या बाबतीत नेदरलँड्समधला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला: एकवीस घोडे आणि एक गाढव, वर्षानुवर्षं लोहाचं प्रमाण फार असलेलं पाणी पीत राहिलेले, यकृतात लोह साठून आजारी. त्यांना कुणी औषध पाजलं नव्हतं, रोजचं पाणीच नडलं. आपल्याकडे बोअरवेलचं पाणी काही ठिकाणी घागरीला तांबूस थर धरतं. अशा पाण्यावर वाढणाऱ्या घोड्याला वरून लोह देणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं. लोहाचं इंजेक्शन शिरेतून दिल्यावर काही मिनिटांत घोडा कोसळून मेल्याच्याही नोंदी आहेत. आणि हे काही झालं नाही तरी जादा लोह तांब्याच्या आणि जस्ताच्या शोषणात आडवं येतं, ज्यांची वैरणीत खरोखर वानवा असू शकते.

जीवनसत्त्वांचंही तसंच. लोकांना वाटतं ते निरुपद्रवी, म्हणजे नावातच जीवन. घोडा क जीवनसत्त्व स्वतःच्या यकृतात बनवतो. ब गटातली बहुतेक त्याच्या आतड्याच्या मागच्या भागात राहणारे सूक्ष्मजीव बनवतात. अ त्याला हिरव्या चाऱ्यातून मिळतं आणि यकृतात काही महिने पुरेल एवढं साठतं. तरी बी-१२ ची इंजेक्शनं शर्यतीच्या जगात चहासारखी चालतात. बी-१२ च्या गाभ्यात कोबाल्ट असतो. त्यावरून कुणाच्या तरी डोक्यात आलं की नुसतं कोबाल्ट भरपूर दिलं तर शरीर तांबड्या पेशी वाढवेल. २०१५ च्या सुमाराला ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात नामांकित प्रशिक्षकांवर याच कारणाने कारवाया सुरू झाल्या, आणि आज शर्यतीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत घोड्याच्या लघवीच्या मिलिलिटरमागे १०० नॅनोग्रॅम कोबाल्ट ही मर्यादा आखलेली आहे. टॉनिकपासून उत्तेजक डोसापर्यंतची वाट किती सरळ आहे ते यातून दिसतं. दोन्हीकडे विचार एकच असतो, रक्त वाढवू.

सगळ्यांत दारुण प्रसंग पोलोचा. १९ एप्रिल २००९ ला फ्लोरिडातल्या वेलिंग्टन इथे अमेरिकन ओपनच्या सामन्याआधी लेचुझा काराकास संघाचे घोडे एकामागून एक कोसळू लागले. एकवीस मेले. त्यांना सामन्याआधी थकवा उतरवणारं मिश्रण टोचलेलं होतं: बी-१२, पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि सेलेनियम. औषधाच्या दुकानात सांगून बनवून घेतलेल्या त्या मिश्रणात सेलेनियम कैक पटींनी जास्त पडलं होतं. सेलेनियम घोड्याला लागतं, पण दिवसाला मिलिग्रॅमभर. त्या घोड्यांपैकी एकालाही सेलेनियमची उणीव होती म्हणून ते दिलं नव्हतं. सामना होता म्हणून दिलं होतं. त्या एकवीस घोड्यांचा विचार मनात आला की मला "दिलं तर काय बिघडतं" हे वाक्य ऐकवत नाही.

मग राबणाऱ्या घोड्याला काहीच द्यायचं नाही का? द्यायचं आहे, आणि ते बाटलीइतकं देखणं नाही. पहिलं मीठ. घोडा घामावाटे जेवढं सोडियम आणि क्लोराइड घालवतो तेवढं क्वचितच दुसरा प्राणी घालवत असेल. कोकणच्या उकाड्यात कसून दौडलेला घोडा तासाला दहा लिटरच्या पुढे घाम गाळू शकतो, आणि त्याचा घाम त्याच्या रक्तापेक्षा खारट असतो. गवतात लोह रग्गड असतं, सोडियम जवळजवळ नसतं. वरातीत रात्र रात्र उभी राहणारी, दिव्यांच्या आणि वाजंत्रीच्या गोंगाटात घामेजलेली घोडी दुसऱ्या दिवशी मान टाकते तेव्हा तिला बहुधा साधं मीठ, भरपूर पाणी आणि झोप हवी असते.

दुसरं ई जीवनसत्त्व. माळावरच्या हिरव्या गवतात ते असतं, कापून उन्हात वाळवलं की उडून जातं. वर्षभर सुक्या वैरणीवर असलेल्या घोड्यात हीच उणीव खरी संभवते, आणि ती स्नायूंना आणि नसांना भोवते. राबणाऱ्या घोड्याला ते दिवसाला हजार युनिटच्या आसपास लागतं. त्याला सोपा उतारा म्हणजे दिवसातून काही वेळ हिरवा चारा. नाहीच मिळाला तर ई जीवनसत्त्व डॉक्टरला विचारून द्यावं. माझा सगळा विरोध पूरक औषधांना असता तर हे मी लिहिलं नसतं. उणीव जिथे आहे तिथे पूरक हवंच.

तिसरी गोष्ट चुन्याची, आणि तिच्याकडे आपल्या भागात सगळ्यांत कमी लक्ष जातं. गरीब घरचं घोडं भाताच्या पेंढ्यावर आणि कोंड्यावर जगतं. कोंडा पोट भरतो, घोडा आवडीने खातो, आणि त्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या आठ-दहापट असतो. घोड्याला हवं असतं उलट: कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा थोडं जास्त. फॉस्फरस असा चढला की शरीर हाडांतून कॅल्शियम काढतं, जबड्याची आणि तोंडाची हाडं तंतुमय होऊन फुगतात, घोडा लंगडतो, पाऊल आखडतं. पेंढ्यातलं ऑक्झलेट आहे तेवढं कॅल्शियमही बांधून ठेवतं. हरभऱ्याच्या चंदीनेही कॅल्शियम भरून निघत नाही. लसूणघास मात्र कॅल्शियमने भरलेला असतो. त्याच्या रोजच्या दोन पेंढ्या, कोंड्याला हात आखडता, आणि वैरणीत चांगल्या माळाच्या गवताचा भर, एवढ्याने जे साधतं ते कोणत्याही लाल बाटलीने साधत नाही. हा लंगडणारा, आखडणारा घोडा "अशक्त" म्हणून दाखवला जातो आणि त्याला मिळतं काय, तर लोह.

याला उत्तर म्हणून घोडेवाले आपला अनुभव पुढे करतात, आणि तो झटकून टाकण्याजोगा नाही. पिढ्यान्‌पिढ्या घोडं राखणाऱ्या मोतद्दाराला घोड्याच्या कानाच्या वळणावरून कळतं ते पुस्तकी माणसाला रक्त काढूनही कळत नाही. तो म्हणतो, बाटली दिली आणि घोडं उठलं. मी म्हणतो, घोडं उठलं हे खरं; पण बाटली सुरू झाली त्याच आठवड्यात घोड्याला काम कमी झालं, कुणीतरी जंताचं औषध पाजलं, चंदीत गूळ पडला, आणि मुख्य म्हणजे माणूस त्याच्याकडे दिवसातून चार वेळा जाऊ लागला. यातलं कशाने घोडं उठलं? उणीव नसलेल्या घोड्याला जादा लोह दिल्याने त्याचं हिमोग्लोबिन वाढत नाही, हे मोजून बघितलेलं आहे. बाटलीला श्रेय जातं, कारण पैसे तिला पडलेले असतात. आणि त्यात माया आहे हेही मला दिसतं. मुक्या जनावरासाठी काहीतरी करावं ही तळमळ खरी आहे. म्हणून तर ती चुकीच्या जागी खर्च होताना जास्त वाईट वाटतं.

हाच विचार इथल्या बैलांनाही लागू पडतो. पौष पौर्णिमेला मुरबाडच्या म्हसे गावी खांबलिंगेश्वराची जत्रा भरते तेव्हा बैलांचा बाजार बघावा. शर्यतींना सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये वाट मोकळी केली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने महाराष्ट्राचा कायदा ग्राह्य धरला, त्यानंतर कल्याण-अंबरनाथकडच्या बिनजोड शर्यतींपासून शहापूर-मुरबाडपर्यंत धावत्या बैलाचा भाव चढला आणि त्याबरोबर खुराकही. दूध, अंडी, उडदाचं पीठ, बदाम आणि आता टोचण्या. धावण्याआधी जनावराला उत्तेजक द्यायचं नाही हे नियमांत आहे. पण रक्तवाढीची बाटली कुणी उत्तेजक मानत नाही, म्हणून ती सगळ्या नियमांच्या फटीतून आत येते. घोड्याच्या बाबतीत निदान जगभर संशोधन झालेलं आहे. धावणाऱ्या बैलाच्या लोहाबद्दल तेवढं कुणी मोजलेलंही नाही.

मला तीन गोष्टी हव्या आहेत, आणि त्या मागण्या म्हणूनच मी लिहितो आहे. जनावरांच्या प्रत्येक टॉनिकच्या बाटलीवर एका मात्रेत प्रत्यक्ष लोह किती मिलिग्रॅम, आणि त्याशेजारी त्या जनावराची दिवसाची गरज किती, हे मराठीत छापलेलं असावं. ते वाचता आलं की निम्मे मालक स्वतःच हात आवरतील. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात लीद तपासण्याची आणि रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली बघून गोचिडीचा आजार आणि सर्रा ओळखण्याची सोय नेमाने चालू असावी, आणि ती बाटलीपेक्षा स्वस्त पडावी. आणि चारा तपासला जावा. शहापूरची माती तपासून शेतकऱ्याला आरोग्यपत्रिका मिळते. त्याच मातीतल्या गवताची तपासणी करून त्यात तांबं, जस्त, कॅल्शियम, फॉस्फरस, लोह किती ते एकदा कळलं, तर सापगावच्या माळावरून निघालेला भारा ज्या ज्या तबेल्यात जातो तिथल्या माणसाला नेमकं काय कमी पडतंय ते सांगता येईल. तोपर्यंत घोडेवाल्याने डॉक्टरला लोहाबद्दल विचारण्याआधी लीद दाखवावी, हिरड्या दाखवाव्यात, गेल्या महिन्याभरात घोड्याने काय खाल्लं आणि किती काम केलं ते सांगावं, आणि डॉक्टरने एकदा घोडा शांत असताना आणि एकदा चालवून आणल्यावर, असं दोनदा रक्त बघितल्याशिवाय लोह लिहून देऊ नये.